बारा बिया, तीन शिट्ट्या

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि सिस्टरने गॅस बंद केला. कुकरमध्ये ना डाळ होती, ना बटाटे. पांढऱ्या स्वच्छ फडक्यात चारी कोपरे आत दुमडून बांधलेल्या भोपळ्याच्या बारा बिया होत्या. त्याआधी तिने ओव्हनमध्ये माती भाजून घेतली होती. त्या मातीचा असा वास सुटला की शेजारीण दारात येऊन, काही जळतंय का हो, म्हणून विचारून गेली. सिस्टरने तिला उंबऱ्यावरूनच सांगितलं की जळत काही नाही, जंतू मरताहेत.

सिस्टरची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. तिथे आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी वाफेत उकडून निघायची. कात्री, चिमटे, कापड, सुया, सगळंच. डॉक्टरांना उकडता आलं असतं तर हिने तेही उकडले असते, असं तिचा नवरा म्हणायचा. नवरा त्याच इस्पितळात अॅम्ब्युलन्स चालवायचा. लग्नाआधी तो तिला सिस्टर म्हणायचा आणि ती त्याला ड्रायव्हर. लग्न झालं, संसार झाला, दोघं निवृत्तही झाली, पण ही सवय काही सुटली नाही. नवरा बायकोला सिस्टर म्हणून हाक मारतो हे ऐकून नवा पाहुणा चहाचा घोट तोंडातच धरून बसायचा, आणि ती दोघं हा एवढा गोंधळला का, म्हणून त्याच्याकडे बघत राहायची.

तर अशा बाईने बियाही उकडल्या यात नवल ते काय. बी जिवंत असते हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत सगळेच शिकतात, तशी तीही शिकली होती. पण तिच्या हातात आली ती पाकिटातून घरंगळलेली कोरडी, कडक वस्तू. श्वास नाही, नाडी नाही. तिच्या लेखी ती चिमट्याच्या जातीची होती, आणि चिमटा उकडल्याशिवाय वापरायचा म्हणजे तिच्या डोक्यावरून पाणीच गेलं असतं.

ड्रायव्हर स्वयंपाकघरात आला, तेव्हा कुकर गार होत होता. काय शिजलं, म्हणून त्याने विचारलं. बिया, असं ती म्हणाली. त्याने कुकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मग पेलाभर पाणी प्यायला, पेला पालथा घातला आणि आला तसा बाहेर गेला. इतक्या वर्षांत तो एक धडा पक्का शिकला होता. मागे बसलेल्या सिस्टरला काही शिकवायला जायचं नाही, आपण फक्त रस्त्याकडे बघायचं.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो लेकीमुळे. लेकीला मुलगी झाली होती आणि तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सिस्टरने कुणाला न विचारता निर्णय जाहीर करून टाकला. बाळ माझ्याकडे राहील, दुधाच्या वेळा मी ठरवीन, कपडे रोज उकळत्या पाण्यातून निघतील. लेक बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. तिने बाळाचं टोपडं नीट केलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, तू आजवर एक तरी जीव वाढवलायस का?"

"शेकडो वाचवलेत."

"वाचवलेस. वाढवला नाहीस."

अडचणीत आली की सिस्टर कपाटातली भांडी काढून परत लावायची. ती भांडी लावत बसली. लेकीला वाढवलं होतं ते खालच्या मजल्यावरच्या आत्याने. तिचं पहिलं पाऊल आत्यासमोर पडलं, पहिला दात आत्याला दिसला. सिस्टरला त्या बातम्या थिएटरबाहेरच्या फोनवर मिळायच्या, आणि छान, म्हणून ती परत आत जायची. एकदा जिन्यावरून पडून लेकीची हनुवटी फाटली. टाके घालायला तिला त्याच इस्पितळात आणलं, तेव्हा सिस्टर दारापर्यंत आली, चपला घालून आत येऊ नका म्हणून तिने आत्यालाच झापलं, आणि आत एक पोट उघडं होतं म्हणून परत गेली. टाके सुबक पडले. आता हनुवटीवर खूणसुद्धा दिसत नाही, पण म्हणून लेक विसरली असेल असं थोडंच आहे.

त्या दिवशी जाताना लेकीने पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर टाकलं. कपडे धुण्याच्या पावडरीबरोबर फुकट मिळालेल्या भोपळ्याच्या बिया होत्या. ती म्हणाली, हे उगवून दाखव, मग बोलू. नाहीतर महिनाअखेरीला पाळणाघराच्या बाईंना होकार कळवायचाच आहे. हे ती अर्धं चेष्टेत म्हणाली, अर्धं मनापासून. कुठलं अर्धं कुठलं हे सिस्टरला कळलं नाही, म्हणून तिने सगळंच खरं धरलं.

तिला ती नात हवी होती. तसं तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण हवी होती, अगदी जीव कासावीस होईल इतकी. एकदा पाऊल निसटलं होतं, दात निसटला होता. या वेळी तरी ज्या खोलीत ते घडेल त्या खोलीत आपण असावं, एवढंच तिचं मागणं होतं. आता एवढ्याशा मागण्यासाठी भोपळा उगवायचा म्हणजे काय अवघड आहे, भोपळा तर उकिरड्यावरही उगवतो, असं तिला वाटलं. आणि उकिरडा म्हणजे किती घाण, आपल्याकडे तर सगळं निर्जंतुक आहे, हेही वाटलं.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे तिने स्पिरिटने पुसून घेतला. बारा खळग्यांत भाजलेली माती भरली, हातमोजे चढवले आणि प्रत्येक खळग्यात एक बी चिमट्याने ठेवली. ठेवताना मोठ्याने मोजलं. थिएटरमध्ये प्रत्येक वस्तू आत जाताना मोजतात आणि टाके घालायच्या आधी परत मोजतात, म्हणजे पेशंटच्या पोटात बोळा राहत नाही. तिथे मोजायला नेहमी दोघं लागतात. इथे दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिने ड्रायव्हरला पेपरातून उठवून आणलं. त्याने बारा म्हणून सांगितलं आणि परत पेपरात तोंड घातलं. त्या दिवशी पेपर त्याने जरा जास्तच वर धरला होता.

ट्रे निजायच्या खोलीच्या खिडकीत ठेवला गेला. पाणी बिनसुईच्या सिरिंजने, थेंब मोजून. खोलीत येताना तोंडाला मास्क. ड्रायव्हरला स्वतःच्याच अंथरुणावर जायला पाय धुऊन यावं लागायचं. तो निमूटपणे धुवायचा. त्याच्या मनाला काहीतरी खातंय हे एरवी तिला दिसलं असतं, पण तिचं सगळं लक्ष मातीत गेलं होतं.

पाकिटावर आठवड्याचा वायदा होता. आठवडा गेला, काही नाही. दुसरा आठवडा सुरू झाला, तरी माती होती तशीच. स्टूल ओढून ती ट्रेसमोर बसायची. जन्मात कशाची वाट बघायची वेळ तिला आली नव्हती. थिएटरमध्ये हात पुढे झाला की वस्तू हातात पडते, उशीर झाला तर कुणाला तरी बोलता येतं. इथे बोलायचं कुणाला? एकदा तिने मातीलाच चांगलं खडसावलं. ड्रायव्हर दारात उभा होता, तो पाय न वाजवता मागे फिरला.

लेक रविवारी बाळाला घेऊन यायची. ट्रेकडे बघायची आणि काही बोलायची नाही, ते तर जास्तच लागायचं. एका रविवारी सिस्टर दुधाची बाटली गरम करायला आत गेली आणि बाहेर आली तर लेक खिडकीशी उभी राहून बोटं झटकत होती. काय गं, विचारलं तर म्हणाली, धूळ फार आहे इथे. धूळ हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. सिस्टरने लेक जाताच सगळी खोली पुसून काढली.

त्याच आठवड्यात दुपारी जेवण तसंच ताटात ठेवून ती ड्रायव्हरला म्हणाली, "माझ्या हातून नाही होणार हे. लेक म्हणते तेच खरं. मला जमत नाही ते."

ड्रायव्हरने तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याने तिचं ताट झाकून ठेवलं आणि चपला घातल्या.

आणि मग एक दिवस माती उचलली गेली. एका खळग्यात आधी तडा, मग त्यातून मान वाकवलेला एक फिकट हिरवा दांडा, डोक्यावर बीचं टरफल तसंच अडकलेलं. सिस्टर बघतच राहिली. मग तिने मास्क काढला, नाक पुसलं आणि मास्क परत लावला. ड्रायव्हरला हाका मारल्या तर तो एवढ्या चटकन आला की जणू दाराआडच उभा होता. दुसऱ्या दिवशी आणखी दोन आले. मग रोज. दोन-दोन जाड पानं उघडून अख्खा ट्रे भरला. काही पानं थोराड, काही नाजूक, पण एकाच घरातली माणसं तरी कुठे सारखी असतात? सिस्टरने लेकीला फोन लावला. झालंय, येऊन बघ, एवढंच म्हणाली, पण आवाज असा होता की लेकीने कारणही विचारलं नाही. दुपारी येते म्हणाली.

दुपारपर्यंत काय करायचं? बाईला रिकामं बसता येत नाही. ती ट्रेपुढे उभी राहिली आणि सवयीने मोजायला लागली.

सतरा आली.

परत मोजली. सतराच. मग ड्रायव्हरला बोलावलं आणि मोठ्याने मोजायला लावलं. त्याने मोजलं, बारापर्यंत आवाज खणखणीत होता. पुढे तो बसत गेला.

आत बारा, बाहेर सतरा. एक कमी भरला असता तर तिला कळलं असतं, कमी भरलेलं शोधायचं कसं हे तिला पाठ होतं. पण जास्त? पोटात चार बोळे घालून सहा बाहेर आल्याचं तिने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. एकदा तिच्या मनात आलं की पाच उपटून टाकावीत. लेक येईल, बारा बघेल, खूश होईल, बाळ घरी येईल. कोण मोजणार आहे? तिने एका रोपाला चिमटीत धरलंसुद्धा. पण बड्या बड्या सर्जनना, मोजणी जुळत नाही तोवर टाका घालायचा नाही, असं सांगून तासतासभर ताटकळत ठेवलेली बाई ती. जित्याची खोड. तिने रोप सोडलं, जमिनीवर पेपर पसरले आणि ट्रे उपडा केला.

हातमोजे घालायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. बोटांनी ढेकळं फोडत ती शोधत गेली, आणि एकेक करत तिच्या बाराच्या बारा बिया मिळाल्या. टरफल जसंच्या तसं, चिमटीत धरलं की आत लगदा. एकीलाही मोड नव्हता. ती त्या बियांकडे बघत बसली. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वाफेने काय होतं हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

ड्रायव्हर पेपराच्या कडेला उकिडवा बसला. कुकर पाहिला तेव्हापासून ठाऊक होतं, असं त्याने कबूल केलं. सांगायचं रोज ठरवायचा आणि रोज राहून जायचं. ती जेवली नाही त्या दुपारी तो बाजारात जाऊन नवं पाकीट घेऊन आला आणि ती स्वयंपाकघरात असताना बोटाने एकेक बी खाली दाबली. जुन्या आधी काढायला हव्यात हे त्याला सुचलं नाही. पेशंट आत घालणं एवढंच त्याचं काम असायचं, बाहेर काढणं दुसऱ्यांचं.

"पण मी बाराच घातल्या, सिस्टर. एकही जास्त नाही. तुम्ही मोजणार हे काय मला माहीत नव्हतं?"

एरवी तिला हसू आलं असतं. तिने त्याच्या गुडघ्यावर मातीचा हात ठेवला, तसाच राहू दिला. मग म्हणाली, "मग या पाच कुणाच्या?"

ते मात्र त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली.

लेक बाळाला कडेवर घेऊन खोलीच्या दारात आली आणि थबकली. जमिनीवर पेपर, पेपरावर माती, मातीत इकडे तिकडे आडवी पडलेली रोपं, आणि मधोमध तिची निर्जंतुक आई कोपरापर्यंत मळलेली. सिस्टर उठली नाही. उठली असती तर बोलता आलं नसतं.

"यातलं एकही माझं नाही," ती म्हणाली. "माझ्या बारा मी कुकरमध्ये शिजवल्या. बारा तुझ्या बाबांनी लावल्या. पाच कुठून आल्या माहीत नाही. तू पाळणाघराच्या बाईंना कळवून टाक."

"शिजवल्या?"

"तीन शिट्ट्या."

लेक हसायला लागली. आधी नाकातून, मग दाराला टेकून, मग दारापाशीच खाली बसून. बाळही उगाच तिच्याबरोबर खिदळायला लागलं. ड्रायव्हरनेही हसून घेतलं, एवढे दिवस दाबून ठेवलेलं होतं. सिस्टर एकटी गंभीर बसली होती. हसू ओसरल्यावर लेकीने डोळे पुसले आणि पुढे सरकून मातीतलं एक नाजूक पानांचं रोप उचललं.

"या पाच माझ्या," ती म्हणाली. "काकडीच्या आहेत. भोपळ्याच्या मिळाल्या नाहीत."

परीक्षा घेणाराच कॉपी पुरवतो हे सिस्टरने कधी ऐकलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, का?

लेक रोपाची मुळं बोटावर घेऊन बघत होती. "लहानपणी मी आत्याच्या खिडकीत बसून तुझी वाट बघायचे. रोज. तू कुणाची वाट बघतेस असं मात्र मला कधी दिसलं नाही. मला वाटायचं, आईला ते येतच नाही. आणि इथे दर रविवारी येऊन बघते तर तू स्टुलावर बसून त्या मेल्या मातीकडे बघतेयस. तोंड एवढंसं झालेलं. मला बघवेना, आई."

ड्रायव्हर उठून खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, पण त्याने ती मन लावून पाहिली.

"तुझी हनुवटी फुटली तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं," सिस्टर म्हणाली.

"हो. यायला हवं होतंस."

एवढंच. लेकीने, जाऊ दे, म्हटलं नाही, आणि सिस्टरला ते बरं वाटलं. खोटं आत ठेवून वर टाका घालण्यापेक्षा ते बरं. आयुष्यात तिने सूचना दिल्या होत्या, हुकूम दिले होते, मागितलं कधी काही नव्हतं. कसं मागतात हे नीट ठाऊक नसल्यामुळे ते फार हळू आलं.

"बाळाला माझ्याकडे ठेवशील का?"

"धर," लेक म्हणाली. "आत्ताच धर. ही झाल्यापासून मी एकदाही सावकाश आंघोळ केलेली नाही. मला हाका मारू नका कुणी."

आणि सिस्टर हात धुवायला उठते आहे तोवर लेकीने पोर तिच्या मांडीवर ठेवलंसुद्धा, टॉवेल ओढला आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. आतून पाणी पडायचा आवाज यायला लागला. बाळाने आजीकडे बघितलं, तोंड वाकडं केलं, रडावं की काय असा विचार केला आणि मग तिचा मातीने भरलेला अंगठा घट्ट पकडून गालाला लावला. गालावर चांगला रुपयाएवढा काळा डाग उठला. तो पुसायला हवा होता, पण एका हाताने बाळाची मान सावरलेली होती आणि दुसरा बाळ सोडत नव्हतं.